एक मासा मोरचूद

औंढा,
१८ मार्च १९४२

चि. किसन यास सुमनआक्काचे आशीर्वाद.

तुझे सहा मासे काल दुपारी सुखरूप पोचले. मीही सुखरूप आहे. तुझ्या चिठ्ठीत माझी चौकशी नव्हती, म्हणून आपण होऊनच कळवते.

मुंबईहून हिंगोलीपर्यंत दोन दिवस आगगाडीत बसून आलास आणि बहिणीच्या दारात पाऊल न टाकता उलट्या गाडीने परत गेलास. हिंगोलीहून औंढा काय लंकेत आहे? थावराची बैलगाडी दारात थांबली तेव्हा मी पुरण वाटून बसले होते. वाटलं, मागून तू उतरशील. उतरली काचेची पेटी, चार पत्र्याचे डबे आणि एक चिठ्ठी. चिठ्ठीत काय, तर ‘जपून ठेव, हलवू नकोस, हवा देत राहा.’ माशांना हवा कशी द्यायची रे? पंख्याने वारा घालू का?

थावरा म्हणजे आपल्या शेताशेजारच्या लमाण तांड्यावरचा, तू लहानपणी ज्याच्या बैलांवर बसायचास तोच. नातं ना गोतं, पण माझ्या एका हाकेला गाडी जुंपतो. स्टेशनावरचा तमाशा त्याने मला सांगितला. निजामाच्या करोडगिरीच्या कारकुनाने म्हणे डब्यात बोट बुडवलं, चाटलं, आणि ‘ये तो नमक है’ म्हणून जकातीसाठी डबे अडवून ठेवले. तू त्याला इंग्रजीत समजावत बसलास. शेवटी थावराच पुढे झाला. “साहेब, आमच्या बाप-आज्यानं बैलावर मीठ वाहिलं. मीठ पोत्यात ऱ्हाते, डब्यात डुचमळत न्हाई. हे मीठ असन तर काढून दावा.” कारकून हसला म्हणून डबे सुटले. तुझ्या शिक्षणाने सुटले नाहीत, एवढं ध्यानात ठेव.

पेटी यांच्या खोलीत ठेवली आहे. हे गेल्यापासून नऊ वर्षं त्या खोलीत मी कुणाला खाट टाकू दिली नाही. आता तिथे सहा पिवळे मासे काळे पट्टे ओढून फिरत आहेत. हे काय प्रकरण आहे, आणि माझ्याच गळ्यात का, ते सविस्तर लिही. अर्धवट लिहायची तुझी खोड अजून गेली नाही.

तुझी आक्का


मुंबई,
२९ मार्च १९४२

ती. आक्कास किसनचा साष्टांग नमस्कार.

तुझा राग डोक्यावर घेतो. रजा जाऊन-येऊन चारच दिवसांची होती, गाडी चुकली असती तर नोकरी गेली असती. खरं सांगायचं तर नोकरी तशीही दोरीवरच आहे.

इथे जपान्यांचे बाँब पडणार म्हणून अर्धी मुंबई गावाकडे निघाली आहे. आमच्या कॉलेजातली प्रयोगशाळा लष्कराने मागितली. प्रोफेसरसाहेब पुण्याला गेले आणि जाताना म्हणाले, “मासे समुद्रात सोडून दे.” आक्का, हे मासे मी पाच वर्षं सांभाळले आहेत. माझा हुद्दा कागदावर हमालाचा आहे. काचा धुवायच्या, समुद्राचं पाणी आणायचं. पण मी रोज वही लिहितो. खाऱ्या पाण्यातला मासा काचेत ठेवला की त्याच्या अंगावर पांढरे कण येतात. ते कण म्हणजे बारीक किडे असतात, माशाच्या कातडीत घर करून त्याला खातात. महिन्याभरात पेटीच्या पेटी साफ होते. यावर औषध साहेबांनाही सापडलेलं नाही. मोरचुदाच्या पाण्याने गुण येतो असा माझा अंदाज आहे, पण ते सिद्ध व्हायच्या आतच सगळं बंद पडलं. हे सहा जगले आणि औषध लागू पडलं, तर साहेब मला असिस्टंट करणार आहेत. त्यांनी तसा शब्द दिला आहे. मेले, तर लढाई संपल्यावर मी पुन्हा काचा धुणारच, तेही त्यांनी बोलावलं तर.

हवा द्यायची म्हणजे पेटीतलं पाणी तांब्याने वर उचलून उंचावरून सोडायचं, दिवसातून दहा-बारा वेळा. खायला गांडुळं बारीक चिरून. अंगावर पांढरं काही दिसलं तर त्याच दिवशी कार्ड टाक. दुसऱ्या कुणावर मी हे सोपवलं नसतं.

तुझा किसन


औंढा,
२० एप्रिल १९४२

चि. किसन यास आशीर्वाद.

दिवसातून दहा-बारा वेळा तांब्याने पाणी उचलायला मी काय तुझ्या कॉलेजातली हमाल आहे? दोन दिवस केलं, तिसऱ्या दिवशी दंड धरला. मग देवळात गेले तेव्हा पिंडीवरच्या अभिषेकपात्राकडे लक्ष गेलं. थेंब थेंब पडतो तिथे पाणी कसं खुळखुळतं ते आजवर कधी पाहिलंच नव्हतं. घरी येऊन मडक्याच्या बुडाला भोक पाडलं, दर्भाची काडी घातली, आणि पेटीवर टांगलं. आता सकाळ-संध्याकाळ पेटीतल्याच पाण्याने मडकं भरलं की काम झालं. मासे त्या थेंबांखाली येऊन उभे राहतात.

पण याचा परिणाम ऐक. शेजारच्या रुख्मिणीबाईंनी खिडकीतून पाहिलं आणि गावभर सांगितलं की सुमनने माशांना अभिषेक घातला आहे. दोन यात्रेकरू नारळ घेऊन दारात आले. एका म्हातारबुवांनी मला तोंडावर सांगितलं की विधवा बाईने असले चाळे करू नयेत. मी त्यांना म्हटलं, बुवा, तुमच्या घरी म्हशीला पाणी पाजता तेव्हा कोणता मंत्र म्हणता? गेले बडबडत.

पाणी उन्हाने आटतं. मी तुझ्या डब्यातलं समुद्राचं पाणी ओतायला निघाले होते. थावराने हात धरला. म्हणाला, “बाई, पानी उडून जाते, मीठ न्हाई उडत. तुमी अजून खारं टाकसान तर मीठच मीठ व्हईल. गोडं टाका.” तुझ्या पाच वर्षांच्या वहीत हे आहे का? असेल तर लिहायचं राहिलं, आणि नसेल तर लिहून घे.

आता मुख्य गोष्ट. काल दोन माशांच्या परांवर रवा सांडल्यासारखं दिसलं. आज तिसऱ्यावरही आहे. ते वाळूला अंग घासतात. मला बघवत नाही. लवकर लिही.

आक्का


मुंबई,
१ मे १९४२

ती. आक्कास सा. न.

घाईत आहे, भोंग्याची कवायत सुरू आहे. तोच रोग. मोरचूद बरणीभर पाण्यात घालणे एक मासा. नीट विरघळू देणे. त्यातले चार चमचे रोज पेटीत. चार दिवस. उशीर नको.

किसन


औंढा,
२० मे १९४२

किसन,

आशीर्वाद मागाहून. आधी हे वाच.

तुझं कार्ड मी तीनदा वाचलं. मोरचूद किती घ्यायचं ते त्यात नाही. माणूस औषध सांगतो आणि माप सांगत नाही, याला काय म्हणावं? थावरा म्हणाला, जवारीच्या बियाण्याला काणीचा रोग लागू नये म्हणून आमी लावतो तेवढं घेऊ. घेतलं. लोणच्याची मोठी बरणी घासली, पेटीतलंच पाणी तिच्यात भरलं, निळं होईतो ढवळलं. मग तू लिहिल्याप्रमाणे एक मासा आत घातला.

मला वाटलं होतं, तुझ्या शास्त्रात असं काही असेल. एक मासा बरणीत ठेवायचा, त्याच्या अंगचं काही पाण्यात उतरत असेल, मग ते चार चमचे बाकीच्यांना. देवीची लस नाही का गायीपासून काढत? मी तेवढा विचार केला होता. मासा आत पडला तसा तडफडायला लागला. किती वेळ ठेवायचा तेही कार्डात नव्हतं. मी भीतीने आकडे मोजत होते. वीस म्हटलं आणि तो उलटा झाला. थावराने सरळ हात घातला बरणीत. “मरून राहिलं बाई ते. किसनरावानं सांगितलं तरी लेकराचा जीव हाये का न्हाई?” त्याने तो पेटीत सोडला आणि थेंबांखाली धरून ठेवला. मी बाहेर ओट्यावर जाऊन बसले आणि रडले. तुझ्या शब्दावर विश्वास ठेवून माझ्या हाताने मी एक जीव मारला असं वाटलं. ते चार चमचे काही मी पेटीत टाकले नाहीत. ज्या पाण्यात एक उलटा पडला ते इतर पाचांच्या अंगावर ओतायला माझा हात धजेना.

संध्याकाळी तो मासा सरळ झाला. तिसऱ्या दिवशी त्याच्या अंगावर एक कण नव्हता. आणि ज्यांना मी हात लावला नव्हता त्यातला एक पाचव्या दिवशी मेला, डोळ्यांवरसुद्धा रवा होता त्याच्या. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. उरलेल्या चौघांना एकेक करून बरणीत घातलं, वीस मोजले, काढलं. चौघेही जगले.

पण दुसऱ्याच दिवशी परत दोघांवर कण दिसले. थावराने पेटीतली वाळू मुठीत घेऊन पाहिली. म्हणाला, “पोरकिडे धान्यातून काढले तरी कणगीत ऱ्हातेत. कणगी उन्हात घालावं लागते.” म्हणून मासे त्याच पाण्यानिशी दोन रांजणांत हलवले आणि वाळू माळवदावर पसरली. वैशाखाचं ऊन, तव्यासारखी तापली. आठ दिवस वाळवली. त्या आठ दिवसांत माशांना आणखी दोनदा बरणी दाखवली. आता पेटी भरून पाच मासे परत आत आहेत आणि अंगं लखलखीत आहेत.

धोंड्याचा महिना लागला आहे, गाव यात्रेकरूंनी भरलं आहे, आणि मी मात्र लोणच्याची बरणी फेकून द्यायची की नाही या विचारात आहे. तू पुढच्या वेळी औषध सांगशील तेव्हा पूर्ण सांग. अर्धवट सांगायचं असेल तर वैद्यकी सोड.

आक्का


मुंबई,
३० मे १९४२

ती. आक्कास नमस्कार.

तुझं पत्र वाचून मी आधी कपाळाला हात लावला आणि मग खुर्चीवरून उठून खोलीत फेऱ्या मारल्या. आक्का, एक मासा म्हणजे वजनाचा मासा. आठ गुंजांचा. बारा माशांचा तोळा होतो तो. मोरचूद एक मासा घ्यायचं होतं. माप तर मी लिहिलं होतं. तू मासा म्हणजे मासा समजलीस.

पण तुझ्या या चुकीनं जे झालं ते कुणी केलेलं नाही. माझे चार चमचे मी इथे दोनदा करून पाहिले होते, निम्मे मासे मरायचे. क्षणभर कडक पाण्यात घालून काढायचं, आणि वाळू वाळवायची, हे कुणाला सुचलं नव्हतं. मला सगळं नेमकं हवं आहे. थावराने किती मोरचूद घेतलं होतं? सोनाराकडून तोलून घे. बरणीत पाणी किती शेर? वीस आकडे म्हणजे किती सावकाश? कुठल्या दिवशी काय केलं ते तारीखवार लिही. साहेबांना दाखवायचं आहे.

किसन


औंढा,
१२ जून १९४२

चि. किसन यास आशीर्वाद.

माझी चूक, असं लिहिलंस. बरं. तुझं पत्र माशांवर, कार्ड माशांवर, पेटीत सहा मासे, आणि मधे एक मासा उगवतो तो म्हणे सोनाराच्या तागडीतला. ‘वजन एक मासा’ असा एक शब्द जास्त लिहिला असता तर सरकारने तुझ्याकडून जादा टपाल घेतलं असतं का? चुकीची वाटणी करायची तर बराबर कर. लिहिणाऱ्याची आधी, वाचणाऱ्याची नंतर.

आता तुझी माहिती. सोनाराने तोलून दिलं, थावराच्या चिमटीत दोन मासे मोरचूद येतं, वजनाचे दोन. बरणीत पाणी पाच शेर. वीस आकडे म्हणजे दळताना आपण ओवीची एक ओळ म्हणतो तेवढ्यात पाच, या चालीने. माशाच्या तोंडाला पाणी लागताच मोजायला सुरुवात. बरणी पहिली ५ मे. बाकीच्यांना १० मे. वाळू उन्हात ११ ते १८. त्यात दोन वेळा बरणी, १४ आणि १७ तारखेला. तेव्हापासून आजवर एकही कण नाही. रोज सकाळी खिडकी उघडून प्रत्येकाचं अंग मी स्वतः पाहते.

हे साहेबांना दाखवशील तेव्हा थावराचं नाव खाली लिही. बरणीतून काढलं त्याने, वाळू वाळवली त्याने. माझं लिहिलं नाहीस तरी चालेल, पण लिहिलंस तर नीट लिही.

आक्का


मुंबई,
२ डिसेंबर १९४२

ती. आक्कास किसनचा शिरसाष्टांग नमस्कार.

दसऱ्यानंतर मासे घेऊन आलो त्याला दीड महिना झाला, लिहायला उशीर झाला, क्षमा कर. ऑगस्टातल्या गडबडीत रुळ उखडले होते, त्यानंतर गाड्या अजून वेळेवर नाहीत, तरी पाचही सुखरूप पोचले. लष्कराने दोन खोल्या परत दिल्या, साहेबही पुण्याहून परत आले. साहेबांनी स्वतः नवीन रोगी माशांवर बरणीचा प्रयोग केला, दहातले नऊ जगले. लेख छापून आला आहे. सोबत कातरण पाठवतो. खाली बारीक अक्षरात माझं नाव आहे, त्याखाली मी तांबडी रेघ मारली आहे. जानेवारीपासून मी असिस्टंट.

हे सगळं तुझ्या पायाच्या पुण्याईनं. सोबत एक इरकली लुगडं आहे. कातरण इंग्रजीत आहे, तुला त्यातलं कळणार नाही, पण दाजींच्या पुस्तकांत जपून ठेव.

तुझा किसन


औंढा,
२० डिसेंबर १९४२

किसन,

कातरण पोचलं. तुझ्या नावावरची तांबडी रेघ पाहून मी देवापुढे साखर ठेवली. मग मला वाटलं, नुसतं जपून काय ठेवायचं, काय लिहिलंय ते तरी ऐकू. थावराच्या भावाचा मुलगा हरिचंद हिंगोलीच्या जिनिंगमध्ये कारकून आहे, चांगलं इंग्रजी वाचतो. रविवारी तांड्यावर आला होता, त्याला बोलावलं. थावराही येऊन बसला, अंगात नवी बाराबंदी घालून.

हरिचंद वाचत होता आणि मराठीत सांगत होता. मोरचूद, पाण्याचं माप, वीस आकडे, वाळू. सगळं माझ्या पत्रातलं, तारखासुद्धा. एका ओळीवर येऊन तो थांबला. पान उलटायला लागला. मी म्हटलं, मधलं राहिलं. तो म्हणाला, “जाऊ द्या काकू, तेच ते हाये पुन्हा.” मी म्हटलं, तेच ते असेल तर पुन्हा वाच. त्याने मान खाली घालून वाचलं. ही पद्धत कशी सापडली, तर ‘मुलखाच्या आतल्या भागातली एक निरक्षर बाई आणि तिचा लमाणी नोकर यांच्या हातून झालेल्या चुकीमुळे.’

मी विचारलं, निरक्षर म्हणजे आपण म्हणतो तेच का? तो म्हणाला, “व्हय काकू. अंगठेबहाद्दर.”

थावरा म्हणाला, “नोकर काहून लिवलं असन? म्या तर माशापायी येऊन राहिलो होतो.” मला त्याच्याकडे पाहवेना. त्याने आजवर माझ्या घरचा एक दाणा मजुरी म्हणून घेतलेला नाही.

आता माझं ऐक. अक्षर काय आहे हे तुला ठाऊक नाही, कारण तुला ते फुकट मिळालं. यांनी मला चुलीपुढे राखेत काडीने अक्षरं काढून शिकवलं. सासूबाईंनी तेव्हाच सांगितलं होतं, बाई वाचायला लागली की घरधनी टिकत नाही. हे तापाने गेले तेव्हा बारा दिवस माझ्या दारात बसून बायका हेच बोलल्या. वाचायला शिकली आणि नवरा खाल्ला. त्यांतल्याच सखुबाईंनी तर माझ्यासमोर यांची पुस्तकं विहिरीत टाका म्हणून सांगितलं. मी टाकली नाहीत. त्या अक्षरांसाठी मी जे ऐकून घेतलं ते तुझ्या साहेबांनी साता जन्मांत ऐकलं नसेल. आणि तू पाच वर्षांचा असताना, आई गेल्यावर माझ्याकडे राहायला आलास, तेव्हा तुझं बोट धरून पाटीवर श्री कुणी गिरवून घेतला? त्याच बोटाने तू माझ्यावर हा शिक्का मारलास.

तुझ्या साहेबांना मी कोण, हे आपोआप कळलेलं नाही. त्यांना कुणीतरी सांगितलं. माझी बारा जूनची तारीखवार यादी त्यांच्या टेबलावर होती, ती काय बरणीतल्या माशाने लिहिली? उलट टपाली उत्तर हवं. गोलमाल नको.

सुमन


मुंबई,
४ जानेवारी १९४३

ती. आक्कास,

गोलमाल करत नाही. तुझी यादी मी माझ्या अक्षरात उतरवून साहेबांना दिली. त्यांनी विचारलं, हे कुणी केलं? मी म्हटलं, माझ्या बहिणीनं. त्यांनी विचारलं, बरणीत घालायचं तिला कसं सुचलं? मी म्हटलं, गैरसमज झाला. ते म्हणाले, कशाचा गैरसमज? आक्का, त्या क्षणी माझ्या डोळ्यांपुढे ते कार्ड आलं. औषधाचं माप लिहायला न येणारा माणूस असिस्टंट कसा होणार? माझ्या तोंडून निघून गेलं, तिला वाचता येत नाही, मी निरोप पाठवला होता, तो सांगण्यात चुकला. नोकर हा शब्द मी वापरला नाही, तो साहेबांचा. पण मी दुरुस्तही केला नाही.

मी रात्रंदिवस पस्तावतो आहे. पण आता ते छापून गेलं. कार्ड साहेबांच्या हाती पडलं तर माझी पाच-सहा वर्षं पाण्यात. एक शब्द आहे आक्का. औंढ्यात कुणी वाचणार नाही, मुंबईत तुला कुणी ओळखत नाही. तुझी बेअब्रू कुणापुढे झाली? तू मोठी आहेस, पोटात घाल.

किसन


औंढा,
१६ जानेवारी १९४३

किसन,

बेअब्रू कुणापुढे झाली विचारतोस. थावरापुढे झाली, हरिचंदापुढे झाली आणि माझ्यापुढे झाली. तुझ्या हिशेबी आम्ही तिघं कुणीच नाही, हे तू साहेबांपेक्षा जास्त स्पष्ट लिहिलंस.

लुगडं याच पार्सलात परत आहे, घडी मोडलेली नाही. तुझं ते एक मेचं कार्ड काल मी चुलीत घातलं. तुझ्यावर दया आली असं समजू नकोस. मला माझं म्हणणं तुझ्या मानेवर पाय न ठेवता मांडता येतं, म्हणून घातलं. आता तुला घाबरायला काही उरलं नाही आणि लपायलाही नाही. साहेबांना आज पत्र टाकलं आहे. त्याची नक्कल खाली देते, म्हणजे ते विचारतील तेव्हा तुला नवीन काही बनवावं लागणार नाही.

‘रा. रा. प्रोफेसरसाहेब यांचे सेवेशी,

आपल्या माशांच्या औषधाच्या लेखात दोन चुका राहिल्या आहेत. त्या दुरुस्त व्हाव्यात म्हणून हे लिहिते.

पहिली. थावरा हा माझा नोकर नाही. तो शेतकरी आहे, त्याची स्वतःची नऊ एकर जमीन आहे. मासा मरायला टेकला तेव्हा त्याने बरणीत हात घातला, आणि वाळू उन्हात घालायची ही त्याची अक्कल. आपण लेखात वाळूबद्दल एक पूर्ण पान लिहिलं आहे. त्यावर त्याचं नाव असायला हवं होतं.

दुसरी. किसनरावांनी औषध निरोपाने सांगितलं नव्हतं, लिहून पाठवलं होतं. ‘मोरचूद एक मासा’ हे मी वाचलं. वजनाचा मासा ध्यानात न येता मी पाण्यातला समजले. ही चूक माझी, आणि मी ती नाकारत नाही. पण साहेब, ही चूक वाचणाऱ्याची आहे. मी निरक्षर असते तर ते कार्ड मी गावातल्या सोनाराकडून वाचून घेतलं असतं. सोनाराने मासा वजनाचाच सांगितला असता, मी चार चमचे पेटीत टाकले असते, निम्मे मासे मेले असते, आणि आपल्याला हा लेख लिहिता आला नसता. ज्या अक्षरांवर आपला लेख उभा आहे ती मला येतात. एवढंच छापावं. मराठीत छापलंत तर मी स्वतः वाचीन. इंग्रजीत छापलंत तरी ते मला वाचून दाखवणारं माणूस तांड्यावर आहे.

कळावे.

सुमनबाई जौजे कै. ग्यानबा मास्तर,
राहणार औंढा.
दस्तूर खुद्द.’